बायकांच्या अंगावरचे केस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातावरची लव, ओठावरची रेघ, काखा, पाय, बेंबीखाली उतरणारी केसांची ओळ, हनुवटीवरचा तो एकच राठ केस. या विषयावर मी बरीच वर्षं लिहिते-बोलते आहे, आणि अजूनही प्रश्न विचारणारी बाई आधी इकडेतिकडे बघते, मग आवाज खाली आणते. इथे आवाज खाली न आणता उत्तरं दिली आहेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय बाबतीत जे सर्वमान्य आहे तेवढंच लिहिलं आहे.

माझ्या अंगावर फार केस आहेत. हे नॉर्मल आहे का?

बहुतेक वेळा, हो. माणसाच्या अंगावर डोक्यासकट सुमारे ५० लाख रोमकूप, म्हणजे केसांची मुळं असतात. बाई असो की पुरुष, आकडा जवळपास सारखाच, आणि तो जन्माआधीच ठरलेला असतो. फरक असतो तो त्यातून काय उगवतं याचा. मऊ, आखूड, फिकट केस म्हणजे लव. वयात येताना अँड्रोजेन गटातली, म्हणजे एरवी पुरुषी समजली जाणारी संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात. ती बायकांच्या शरीरातही असतात आणि असायलाच हवीत. त्यांच्यामुळे काखेत आणि जांघेत, काहींच्या पायांवर, पोटावर, ओठावरही त्याच लवेचे जाड, काळे केस होतात. कुणाचे रोमकूप या संप्रेरकांना लगेच दाद देतात, कुणाचे उशिरा. हे घराण्यातून येतं. त्यामुळे मैत्रिणीच्या हाताशेजारी आपला हात ठेवून बघण्यात काही अर्थ नाही. आत्याच्या किंवा मावशीच्या हाताशेजारी ठेवून बघा, उत्तर बहुतेक तिथे सापडेल.

बाईचं अंग गुळगुळीतच असावं, हे कधी ठरलं?

केस काढणं जुनं आहे. प्राचीन इजिप्तमध्ये आणि रोममध्ये ते चालायचं. पण कुठले केस काढायचे आणि कुणी, याचं उत्तर प्रत्येक काळात वेगळं होतं. पंधराव्या शतकातल्या युरोपात श्रीमंत बायका कपाळावरचे केस उपटून कपाळ उंच करून घेत. एकोणिसाव्या शतकातल्या कजार राजवटीत, इराणमध्ये, बाईच्या ओठावरची कोवळी मिसरूड ही सौंदर्याची खूण होती. काहीजणी ती उठून दिसावी म्हणून रंगवून गडद करत. आज जी लव दिसू नये म्हणून आपण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोरा फिरवून घेतो, तीच लव.

आजचा नियम, म्हणजे काखा आणि पाय साफ असलेच पाहिजेत हा, जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्याची वैचारिक तयारी थोडी आधी झाली. चार्ल्स डार्विनने १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये माणसाच्या अंगावरचे केस कमी होण्याचा संबंध जोडीदाराच्या निवडीशी जोडला. पुढे पाश्चात्त्य जगात केसाळ बाई म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेली, पुरुषी, कदाचित आजारी, अशी समजूत रुजत गेली आणि तिला विज्ञानाचा मुलामा मिळाला.

मग आलं १९१५ साल. बिनबाह्यांचे पोशाख नुकतेच येऊ लागले होते. अमेरिकेत 'हार्पर्स बझार' मासिकात केस काढण्याच्या पावडरची एक जाहिरात छापून आली: हात वर केलेली एक बाई, काख स्वच्छ. मजकुराचा आशय असा की उन्हाळी कपडे आणि आधुनिक नृत्य यांमुळे आक्षेपार्ह केस काढणं आता गरजेचं झालं आहे. त्याच साली जिलेटने खास बायकांसाठी 'मिलेडी डेकोलेते' हा रेझर बाजारात आणला. त्या जाहिरातीतल्या 'आक्षेपार्ह' या शब्दापाशी मी दर वेळी थांबते. पावडर खपायची तर आधी काखेतल्या केसाला आक्षेपार्ह ठरवावं लागलं. तोवर बहुतेक बायकांना त्यात आक्षेप घेण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

पायांची पाळी नंतर आली. स्कर्ट आखूड होत गेले तरी पायमोजे होते. दुसऱ्या महायुद्धात रेशीम आणि नायलॉन पॅराशूटकडे वळलं, पायमोजे मिळेनासे झाले, तेव्हा कित्येक अमेरिकन बायका पायांवरचे केस काढून मोज्यांसारखा रंग लावू लागल्या. काहीजणी पोटरीमागे पेन्सिलीने शिवणीची रेघसुद्धा ओढत. युद्ध संपलं, मोजे परत आले, पण पायांवरचा वस्तरा गेला नाही.

म्हणजे सगळा दोष जाहिरातींचा?

नाही. जाहिरातीने भीती छापली, ती घरोघरी पोचवली आपण माणसांनीच. पण त्या भीतीची किंमत किती होती हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस काढायला क्ष-किरण वापरले जात होते. वेदनारहित उपचार म्हणून त्याची जाहिरात व्हायची. पुढे त्यांतल्या अनेकींची त्वचा भाजल्यासारखी झाली, व्रण पडले, काहींना कर्करोग झाला. १९३०च्या आसपास थॅलियम असलेली एक क्रीम विकली जात होती. थॅलियम म्हणजे उंदीर मारायला वापरलं जाणारं विष. ती लावणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे केस गेले, नसा निकामी झाल्या. ओठावरच्या लवेपायी.

केस ठेवणं अस्वच्छ नाही का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या खास घर्मग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू काम करतात तेव्हा वास येतो. केस असोत-नसोत, साबण-पाण्याने धुतलं की काख स्वच्छ. केस काढल्यावर वास थोडा कमी जाणवू शकतो, पण म्हणून केस म्हणजे घाण ठरत नाही. तसं असतं तर पुरुषांच्या काखांबद्दलही आपण तेच बोललो असतो.

जांघेतले केस घर्षण कमी करतात आणि नाजूक त्वचेला आडोसा देतात. २०१६ साली 'जामा डर्मेटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ३,३१६ बायकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यांतल्या सुमारे ८४ टक्के जांघेतले केस कापत किंवा काढत होत्या, आणि त्यांच्यातल्या ५९ टक्के जणींनी कारण दिलं स्वच्छतेचं. उलट त्या भागात वस्तरा फिरवल्याने होतात त्या बारीक जखमा, आत वळलेले केस आणि पुटकुळ्या.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दवाखान्यात मिळतो. शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढू नयेत, अगदी गरज असेल तरच क्लिपरने कापावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण वस्तऱ्याच्या सूक्ष्म जखमांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाळंतपणाआधी सरसकट केस काढण्याचाही फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

रेझर फिरवला की केस दाट आणि जाड येतात ना?

नाही. १९२८ सालीच हे तपासून झालं आहे. रेझर केस त्वचेलगत कापतो, मुळाला हातही लावत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून नव्याने येताना तो हाताला खरखरीत लागतो. बस, एवढंच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

हे नीट वाचा, कारण 'केस नैसर्गिक आहेत' असं म्हणताना हे सांगायचं राहून जातं.

बाईच्या हनुवटीवर, जबड्यावर, छातीच्या मध्यभागी, पोटाच्या वरच्या भागावर, पाठीवर, म्हणजे एरवी पुरुषांना येतात तिथे, जाड काळे केस येण्याला वैद्यकीय भाषेत हिर्सुटिझम म्हणतात. जननक्षम वयातल्या ५ ते १० टक्के बायकांमध्ये तो आढळतो. मोजायला फेरीमन-गॅलवे ही पद्धत आहे, १९६१ साली मांडलेली. आता ती शरीराच्या ९ जागांवर वापरतात, प्रत्येक जागेला ० ते ४ गुण. एकूण ८ किंवा त्याहून जास्त झाले तर सहसा हिर्सुटिझम म्हणतात, पण वंशानुसार हा आकडा कमी-जास्त धरला जातो.

सर्वांत नेहमीचं कारण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा संप्रेरकांचा विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अंदाजाने जननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना तो असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना तो असल्याचं निदानच झालेलं नसतं. पाळी अनियमित आहे, पुरळ थांबत नाही, वजन वाढतंय, डोक्यावरचे केस पातळ होतायत, मानेची त्वचा काळपट झाली आहे, यांपैकी काही केसांच्या जोडीला असेल तर तपासून घ्या.

आणि काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज जड झाला, स्नायू एकदम भरले, तर थांबू नका. बीजांडकोश किंवा अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीत गाठ नाही ना, हे बघावं लागतं. असं क्वचितच असतं, पण पार्लरमधून पार्लरमध्ये फिरण्यात गेलेले महिने तिथे महागात पडतात.

मला स्वतःला एका डॉक्टरांनी विशीत तपासणीच्या खुर्चीत बसवून, माझ्या हनुवटीकडे बघत, 'लग्नाआधी लेझर करून घे' एवढंच सांगितलं होतं. पाळीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. तुमच्या बाबतीत असं झालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. केस दिसतात कसे, यापेक्षा ते आले कशामुळे, याची चौकशी व्हायला हवी.

औषधाने केस जातात का?

असलेले लगेच जात नाहीत, नवीन यायचा वेग आणि जाडी कमी होते. गर्भनिरोधक गोळ्या किंवा अँड्रोजेन रोखणारी औषधं दिली जातात आणि फरक दिसायला साधारण ६ महिने लागतात. अँड्रोजेन रोखणारी औषधं गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. एफ्लॉर्निथिनची क्रीम चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावते. ती लावणं बंद केलं की केस पूर्वीसारखे येतात.

लेझरने कायमचे जातात?

'कायमचे कमी होतात' हा बरोबर शब्दप्रयोग. लेझर केसातल्या काळ्या रंगद्रव्याला तापवतो, म्हणून पांढऱ्या किंवा फार फिकट केसांवर चालत नाही. त्वचा सावळी असेल तर चुकीच्या लेझरने भाजू शकतं, डाग पडू शकतात. अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. कुठला लेझर वापरणार, हे विचारा. उत्तर टाळलं तर उठून या. केस टप्प्याटप्प्याने वाढतात आणि लेझर वाढीच्या टप्प्यात असलेल्यांवरच नीट काम करतो, म्हणून अनेक बैठका लागतात. काहीजणींच्या चेहऱ्यावर लेझरनंतर केस उलट वाढतात, हेही आधी कुणी सांगत नाही. संप्रेरकांचं कारण शिल्लक असेल तर नवे केस येत राहतील.

'कायमचे काढणं' म्हणता येईल अशी पद्धत म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. ती १८७५ साली चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात टोचणाऱ्या आत वळलेल्या पापण्यांसाठी पहिल्यांदा मांडली. एकेका मुळात सुई घालायची, म्हणून वेळखाऊ. पांढऱ्या केसांवरही चालते.

लोकांचा दृष्टिकोन खरंच बदलतोय का?

बदलतोय, पण सगळ्यांसाठी सारखा नाही.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने स्वतःची चित्रं काढताना जोडलेल्या भुवया आणि ओठावरची लव मुद्दाम ठेवली. अमेरिकन गायिका पॅटी स्मिथच्या १९७८च्या 'ईस्टर' या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिच्या काखेतले केस दिसतात. १९९९ साली लंडनमध्ये एका सिनेमाच्या प्रीमियरला अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्सने हात वर केला, काखेतले केस दिसले, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना विषय मिळाला. २०१८ साली बिली या रेझर कंपनीने जाहिरातीत प्रत्यक्ष केस दाखवले. तोवरच्या बहुतेक जाहिरातींत बायका आधीच गुळगुळीत असलेल्या पायांवरून रेझर फिरवत. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका विद्यार्थिनीने 'जॅन्युहेअरी' मोहीम सुरू केली: जानेवारी महिनाभर केस काढायचे नाहीत. अनेक देशांतल्या बायका त्यात उतरल्या.

आता दुसरी बाजू. २०१७ साली अरविदा बिस्ट्रॉम ही स्वीडिश मॉडेल आदिदासच्या जाहिरातीत पायांवरच्या केसांसकट दिसली. तिला बलात्काराच्या धमक्या आल्या. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रीॲन फाह्स या प्राध्यापिका विद्यार्थिनींना जास्तीच्या गुणांसाठी १० आठवडे केस वाढवायला सांगत आणि अनुभव लिहायला लावत. मुलींनी लिहिलं ते घरच्यांच्या रागाबद्दल, जोडीदाराच्या नाराजीबद्दल, स्वतःला घाण वाटण्याबद्दल. 'ही तर वैयक्तिक आवड' असं ज्या आधी ठामपणे म्हणत होत्या, त्यांनाही १० आठवडे जड गेले.

आणि मला सर्वांत टोचतं ते हे: कौतुक होतं ते बहुधा काखेतल्या केसांचं, तेही बारीक, तरुण, एरवी सुंदर मानल्या गेलेल्या बाईच्या. सावळ्या हातावरचे दाट काळे केस, जाड बाईच्या हनुवटीवरची खुरटी दाढी, यांच्या वाट्याला ते येत नाही. हरनाम कौर या ब्रिटिश शीख तरुणीला पीसीओएसमुळे लहानपणीच दाढी येऊ लागली. शाळेत अतोनात छळ झाला. तिने कोवळ्या वयातच केस काढणं थांबवलं आणि पुढे पूर्ण दाढी असलेली सर्वांत तरुण स्त्री म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद झाली. तिच्या धैर्याला मी मानते. पण रस्त्यावरून साधं चालत जायला एखादीला इतकं धैर्य लागत असेल, तर बदलाचं बरंच काम बाकी आहे.

मला केस काढायला आवडतं. मी स्त्रीवादी नाही का?

आहात. तुमचं शरीर हा कुठल्याही चळवळीचा फलक नाही. मी फक्त एक विचारते: न काढता बाहेर जायची वेळ आली तर काय होईल? 'काही नाही, थोडं वेगळं वाटेल' असं उत्तर असेल तर ती आवड. पोटात गोळा येत असेल, पोहणं रद्द करत असाल, उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालत असाल, तर त्या गोळ्याचा विचार करा. केस तरीही काढा, हवं तर. आणि रेझर घेताना पुरुषांच्या फळीवरचाही बघा. न्यूयॉर्क शहराच्या २०१५च्या पाहणीत बायकांसाठीच्या प्रसाधनांची किंमत पुरुषांच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी १३ टक्के जास्त निघाली होती.

जोडीदाराला आवडत नाही. काय करू?

आवड सांगायचा हक्क त्याला आहे. तुम्ही त्याला दाढी ठेव किंवा काढ म्हणत असालच. पण 'मला आवडेल' आणि 'शी, हे काय' यांत फार अंतर आहे. पहिल्यावर बोलता येतं. दुसरं एकदा ऐकून घेतलं की ते घरात राहायला येतं. त्याच दिवशी, शांतपणे, 'असं बोलू नकोस' एवढं सांगा.

माझी अकरा वर्षांची मुलगी हातांवरचे केस काढायचे म्हणते. काढू देऊ का?

आधी विचारा, कोण काय म्हणालं. कुणीतरी काहीतरी म्हणालेलं असतंच. मी आजवर जितक्या बायकांशी बोलले, त्या प्रत्येकीला आपलं पहिलं वाक्य आठवतं: कुणी म्हणालं, कुठे, तेव्हा अंगात काय होतं. माझं तेराव्या वर्षीचं आहे. बाकावर शेजारणीचा आणि माझा हात शेजारी शेजारी. ती म्हणाली, 'तुझे हात दादाच्या हातांसारखे आहेत गं.' तिच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या संध्याकाळी मी बाबांचा रेझर घेऊन न्हाणीघराचं दार लावलं. पाणी नाही, साबण नाही. घोट्याच्या हाडावर सालटं निघालं. स्वल्पविरामाएवढा पांढरा डाग अजून आहे. रक्त थांबेना म्हणून मी पांढरा मोजा चढवला आणि तो लाल होत गेलेला आईने बघितला. ती रागावली नाही. पण काही बोललीही नाही, आणि मी समजले की हे असंच लपवायचं असतं.

तेव्हा बोला. केस का येतात ते सांगा, तुमचं पहिलं वाक्य सांगा. मग ती म्हणत असेल की तरी काढायचे, तर नकार देऊन तिला वर्गात एकटीने लढायला पाठवू नका. सुरक्षित पद्धत दाखवा. अंग ओलं, फेस, नवं पातं, हलका हात. केस काढायची क्रीम असेल तर आधी कातडीच्या छोट्याशा तुकड्यावर लावून दिवसभर थांबायचं. आणि मुलगी न विचारता तुम्हीच 'आता वॅक्सिंग सुरू करू या का हिचं' असं म्हणत असाल, तर कळकळीने विनवते, नका म्हणू. तिचं पहिलं वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

मी चौदा वर्षांची आहे. वर्गातली मुलं मला 'मिशी' म्हणतात.

तू हे कुणाला तरी सांगितलंस, हे फार बरं केलंस. चूक तुझ्या ओठाची नाही. चिडवणं सुरूच राहिलं तर घरी आणि वर्गशिक्षकांना सांग. शरीरावरून रोज चिडवणं हा छळच आहे, आणि तो थांबवणं मोठ्यांचं काम. लव काढावीशी वाटली तर काढ, नाही वाटली तर राहू दे. दोन्हींत तू हरत नाहीस. फक्त लपूनछपून ब्लीच किंवा कुणाची तरी क्रीम चेहऱ्याला फासू नकोस, चेहरा भाजतो.

चाळिशीनंतर हनुवटीवर केस यायला लागले. का?

पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, अँड्रोजेन तितक्या वेगाने उतरत नाहीत. पारडं थोडं झुकतं आणि हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात. फार जणींना येतात. चिमट्याने काढा, कापा, ठेवा.

तुम्ही स्वतः काय करता?

हात आणि पाय सोडून दिले, त्याला नऊ वर्षं झाली. पहिला उन्हाळा कठीण गेला, दुसऱ्यात मी विसरून गेले. काखेतले केस कंटाळा येईल तेव्हा ट्रिमरने कापते. हनुवटीवरचे काढते.

त्याला कारण आहे. आई शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळली होती. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी तिने हनुवटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, 'हे दोन हाताला लागतायत गं, काढ ना.' या विषयावर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी चिमटा आणला, पलंग खिडकीकडे ओढला, तिची हनुवटी डाव्या हातात धरली. एक पांढरा होता, एक काळा. पांढरा उजेडात सापडेना, तर तिनेच माझं बोट धरून त्याच्यावर नेऊन ठेवलं. मग तिने हनुवटी पुन्हा चाचपली आणि म्हणाली, 'तुझेही दे, काढते.' तिचा हात थरथरत होता. मी वाकून हनुवटी पुढे केली.